एका पेडलमागे दोन ब्रेक: रीजन आणि घर्षण ब्रेकची सांगड कशी घालायची

इलेक्ट्रिक गाडीची मोटर उलट्या कामाला लावली की ती जनरेटर होते, चाकांना आवरते आणि मिळालेली ऊर्जा बॅटरीत परत टाकते. यालाच रीजन (रीजनरेटिव्ह ब्रेकिंग) म्हणतात. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. मोटरची ही ताकद दर क्षणाला बदलत राहते. वेग किती आहे, बॅटरी किती भरली आहे, सेल किती गार आहेत यावर ती अवलंबून असते. चालकाच्या पायाला मात्र यातलं काहीही जाणवता कामा नये. पेडल जेवढं दाबलं तेवढीच गाडी मंदावली पाहिजे, आणि मोटर जिथे कमी पडेल तिथली उणीव डिस्क आणि पॅडनी त्याच क्षणी भरून काढली पाहिजे. याला ब्रेक ब्लेंडिंग म्हणतात.

हा लेख गाडीचं इलेक्ट्रिक रूपांतर करणाऱ्यांसाठी, स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, ईव्ही हाताळणाऱ्या मेकॅनिकसाठी आणि आपली गाडी आतून समजून घेऊ पाहणाऱ्या चालकांसाठी आहे. माझी भूमिका आधीच सांगतो: पायाला दर वेळी एकसारखं मंदन मिळणं हे ब्लेंडिंगचं पहिलं काम, ऊर्जा वाचवणं दुसरं. हा क्रम उलटा लावला की गाडी आकड्यांत छान दिसते आणि रस्त्यावर बेभरवशाची होते.

पायरी १: मोटर किती ब्रेक लावू शकते ते कागदावर काढा

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. उदाहरणासाठी १६०० किलोची, पुढची चाकं चालवणारी गाडी धरू. मोटरचा कमाल टॉर्क २५० न्यूटन-मीटर, गिअर गुणोत्तर ९, चाकाची त्रिज्या ०.३ मीटर. म्हणजे चाकापाशी २२५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि रस्त्यावर ७५०० न्यूटन बल. नुसतं एवढंच पाहिलं तर गाडी दर सेकंदाला ४.७ मीटर प्रति सेकंद इतकी मंदावू शकेल, असं वाटतं.

आता शक्तीची मर्यादा लावा. चाकापाशी मोजलेली ६० किलोवॅट एवढीच शक्ती मोटर, इन्व्हर्टर (बॅटरी आणि मोटर यांच्यात वीज बदलून नेणारं यंत्र) आणि बॅटरी मिळून स्वीकारू शकतात असं समजा. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. ताशी ९० किमीला, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाला, ६० किलोवॅटमध्ये फक्त २४०० न्यूटन बसतात, मंदन १.५ (म्हणजे दर सेकंदाला वेग १.५ मीटर प्रति सेकंदाने घटतो; पुढेही मंदनाचे आकडे याच मापात). ताशी ५४ किमीला ४००० न्यूटन, मंदन २.५. ताशी ३६ किमीला ६००० न्यूटन, मंदन ३.७५. थोडक्यात, वेग जास्त तेव्हा रीजन दुबळं, मधल्या वेगात दमदार आणि अगदी हळू चालताना पुन्हा निकामी, कारण चाक थांबत आलं की मोटरकडून भरवशाचा ब्रेकिंग टॉर्क मिळत नाही.

हा आलेख मोठा काढून भिंतीवर लावा. पुढचं सगळं काम त्याच्याच आधारे होणार आहे.

पायरी २: बॅटरीचं म्हणणं ऐका

वर धरलेले ६० किलोवॅट ही चांगल्या दिवसाची गोष्ट झाली. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती चार्ज घेणार नाही. लिथियम-आयन सेल शून्य अंशाच्या खाली असताना जोरात चार्ज केला तर ऋण इलेक्ट्रोडवर धातुरूप लिथियम साचतं आणि सेलचं कायमचं नुकसान होतं. म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा, दर क्षणी किती करंट चालेल ते सांगत असतं. तो आकडा कॅन बसवरून (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या संदेशवाहिनीवरून) घ्या आणि रीजनची कमाल मर्यादा त्यावरच बांधा. बहुतेक बीएमएस थोड्या सेकंदांपुरती एक आणि सलग चालेल अशी दुसरी मर्यादा देतात. शहरातल्या छोट्या ब्रेकला पहिली चालते. घाटात दुसरीच धरायची.

घाटाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. हीच १६०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली तर सुमारे ७८ लाख ज्यूल, म्हणजे जवळजवळ २.२ युनिट ऊर्जा मोकळी होते. ४० युनिटच्या बॅटरीत हा साडेपाच टक्के वाटा होतो. डोंगरमाथ्यावर बॅटरी १०० टक्के भरून निघालात तर या ऊर्जेला बॅटरीत जागाच नसते आणि हवेचा व टायरांचा विरोध सोडला तर ती सगळी उष्णता होऊन डिस्कवर येते. म्हणून उंचावर राहणाऱ्यांनी चार्जिंग ८५ टक्क्यांच्या आसपास थांबवावं, असं मी आग्रहाने सांगतो. गाडी बांधणाऱ्यांनी याच्याही पुढे जाऊन घर्षण ब्रेक 'रीजन नाहीच' असं धरूनच निवडावेत. रीजन आहे म्हणून छोट्या डिस्क बसवणं धोक्याचं आहे.

एक गोष्ट रूपांतर करणाऱ्यांकडून हमखास सुटते. रीजन चालू असताना बीएमएसने अचानक कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरी तोडणारा मुख्य स्विच, उघडला तर मोटरकडून येणाऱ्या ऊर्जेला जायला वाट उरत नाही, डीसी बसवरचा, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टरमधल्या तारांवरचा, व्होल्टेज उसळतो आणि इन्व्हर्टर जळू शकतो. त्यामुळे क्रम ठरलेला हवा: बीएमएस आधी रीजन शून्यावर आणायला सांगेल, टॉर्क शून्य झाल्याची खात्री होईल, आणि मगच कॉन्टॅक्टर उघडेल.

पायरी ३: कोणत्या चाकांवर किती, हे ठरवा

माझ्या मते सगळ्यात जास्त विचार इथे लागतो, आणि घाईही नेमकी इथेच होते. साधे ब्रेक चारही चाकांवर ठरलेल्या प्रमाणात काम करतात. रीजन फक्त मोटर जोडलेल्या चाकांवर येतं. एकूण बल तेवढंच राहिलं तरी त्याची वाटणी बिघडते.

आपल्याच गाडीवर बघू. समजा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २.६ मीटर, गुरुत्वमध्य ०.५५ मीटर उंचीवर, आणि उभ्या गाडीचं ५५ टक्के वजन पुढे. मंदन २.५ असताना साधारण ८५० न्यूटन भार मागून पुढे सरकतो. पुढच्या चाकांवर ९५०० आणि मागच्यांवर ६२०० न्यूटन येतात. लागणारं ४००० न्यूटन बल एकट्या पुढच्या चाकांनी द्यायचं तर रस्त्याची पकड (बल भागिले चाकांवरचा भार) किमान ०.४२ हवी. तीच मोटर मागे असेल तर ०.६४ हवी. कोरड्या डांबरावर दोन्ही जमतं. ओल्या, गुळगुळीत रस्त्यावर पकड ०.५ पर्यंत उतरली की पुढची मोटर कशीबशी निभावते. मागची मोटर मात्र चाकं लॉक करते. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी स्वतःभोवती फिरते. पुढची आधी लॉक झाली तर गाडी वळत नाही, पण निदान सरळ जाते. प्रवासी गाड्यांच्या ब्रेकसाठीच्या यूएन आर १३-एच नियमांतही याच कारणाने पुढच्या चाकांनी पकड आधी वापरावी अशी अट आहे.

त्यामुळे मागच्या मोटरला पुढच्या मोटरएवढी मोकळीक देऊ नका. मागच्या मोटरवर रीजनची स्वतंत्र कमाल मर्यादा लावा. वळणात, म्हणजे स्टिअरिंगचा कोन आणि वेग दोन्ही जास्त असताना, ती आणखी खाली आणा. दोन्हीकडे मोटर असलेल्या गाडीत ही वाटणी सॉफ्टवेअरने दर क्षणी बदलता येते. त्या गाड्यांचा हा खरा फायदा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते.

पायरी ४: समांतर की सहकारी?

समांतर पद्धतीत मूळ हायड्रॉलिक ब्रेक जसेच्या तसे ठेवतात आणि त्यांच्या जोडीला थोडं रीजन देतात. पेडलच्या सुरुवातीच्या मोकळ्या हालचालीत, पॅड डिस्कला टेकण्याआधी, मोटर कामाला लागते. नंतर दोन्ही एकत्र चालतात. रीजन अचानक गेलं तर पेडल थोडं जास्त दाबावं लागतं, पण मूळ ब्रेक शाबूत असतात. यात काही ऊर्जा वाया जाते, हे मान्य.

सहकारी पद्धतीत पेडल आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) यांचा थेट संबंध तोडलेला असतो. पायाला स्प्रिंगचा बनावट विरोध जाणवतो, सेन्सर मागणी वाचतात आणि संगणक ठरवतो की मोटरला किती द्यायचं, पॅडला किती. १९९७ ची पहिली टोयोटा प्रियस मोटर आणि हायड्रॉलिक ब्रेक असे जोडीने वापरत होती. बॉशचा आयबूस्टर २०१३ मध्ये आला आणि व्हॅक्यूमशिवाय, विजेवर पायाचा जोर वाढवणारा असा बूस्टर अनेक ईव्हींमध्ये रूढ झाला. ही पद्धत नीट बसवली तर सर्वोत्तम आहे. पोर्शच्या २०१९ च्या पहिल्या टायकानमध्ये मोटर २६५ किलोवॅटपर्यंत शक्ती परत घेत होती आणि रोजच्या वापरातले सुमारे ९० टक्के ब्रेक एकट्या मोटरवर होतात, असं कंपनीने सांगितलं होतं.

तुम्ही रूपांतर करत असाल किंवा स्पर्धेची गाडी बांधत असाल तर माझा सल्ला सरळ आहे: समांतर पद्धत घ्या. मूळ हायड्रॉलिक लाइन कापून त्यात घरगुती व्हॉल्व्ह बसवू नका. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, त्यावर एक दाबाचा सेन्सर, पेडलवर एक हालचालीचा सेन्सर एवढ्यावर चांगलं ब्लेंडिंग होतं.

ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच येणारं रीजन ही निराळी मागणी आहे, आणि निसानने २०१७ च्या लीफमध्ये दिलेल्या ई-पेडलसारख्या एक-पेडल पद्धती त्यावरच उभ्या आहेत. ते ठेवणार असाल तर ब्रेक दिव्यांचा नियम विसरू नका. याच आर १३-एचनुसार पाय उचलल्याने येणारं मंदन ०.७ मीटर प्रति सेकंद वर्गापर्यंत असेल तर दिवे लागू नयेत, १.३ च्या वर गेलं तर लागलेच पाहिजेत, मधल्या पट्ट्यात मुभा आहे. मागून येणाऱ्याला तुमची मोटर दिसत नाही, फक्त दिवे दिसतात.

पायरी ५: वाटणीचं लॉजिक लिहा

लॉजिकचा गाभा छोटा आहे. पेडलवरून मागणी वाचा. हलक्या दाबाला हालचालीचा सेन्सर जास्त विश्वासाचा, जोराच्या दाबाला दाबाचा. ती मागणी न्यूटनमध्ये बदला. मोटरचा आलेख, बॅटरीची मर्यादा आणि चाकांच्या पकडीची मर्यादा यांतला सर्वांत लहान आकडा म्हणजे आत्ता मिळू शकणारं रीजन. मागणी आणि हे रीजन यांतलं जे लहान ते मोटरला सांगा. आता महत्त्वाचं: घर्षणाला द्यायची मागणी काढताना मोटरला *सांगितलेला* टॉर्क वजा करू नका, इन्व्हर्टरने *प्रत्यक्ष दिल्याचं कळवलेला* टॉर्क वजा करा. मोटर मध्येच कमी पडली तर हा एवढासा बदल गाडी वाचवतो. समांतर पद्धतीत घर्षणाचा वाटा पायच ठरवतो, तिथे लॉजिकला फक्त रीजन नेमकं ठेवायचं असतं.

ताशी ९० किमीवरून २.५ मंदनाने थांबणारी आपली गाडी सहकारी पद्धतीत कशी वागते ते बघा. पेडल दाबताक्षणी ४००० न्यूटन हवेत, मोटर २४०० देते, पॅड १६००. वेग उतरतो तशी मोटरची ताकद वाढते आणि पॅडचा दाब हळूहळू सुटत जातो. चार सेकंदांनी, ५४ किमीला, पॅड पूर्ण मोकळे होतात. तिथून पुढे एकटी मोटर. मग १० किमीच्या आसपास मोटर मागे हटते आणि पॅड पुन्हा ताबा घेतात. गाडीची सुरुवातीची गतिज ऊर्जा ५ लाख ज्यूल होती. हवेचा विरोध सोडला तर पॅडच्या वाट्याला सुरुवातीचे ८० हजार आणि शेवटचे जेमतेम ६ हजार ज्यूल येतात. बाकी सगळं, म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त, मोटरकडे.

शेवटच्या त्या ६ हजारांकडे नीट बघा. एकूण ऊर्जेच्या ते एक टक्क्याच्या आसपास आहेत. तरीही अनेक जण ताशी ३ किमीपर्यंत रीजन ताणायचा हट्ट धरतात आणि गाडी थांबताना प्रवाशांच्या माना हलतात. १० किमीपासून रीजन उतरवायला लागा आणि ४ किमीपर्यंत शून्यावर आणा. काही गमवत नाही.

पायरी ६: मोटरने काम पॅडच्या हवाली करण्याचा क्षण घडवा

मोटरचा टॉर्क काही मिलिसेकंदांत बदलतो. हायड्रॉलिक दाब चढायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि पहिला थोडा दाब पिस्टन पॅडपर्यंत न्यायलाच खर्च होतो. म्हणून मोटरने स्वतःच्या वेगाने नाही, हायड्रॉलिकला झेपेल त्या वेगाने मागे हटायचं. हवाली करण्याच्या थोडं आधीच पॅड डिस्कला अलगद टेकवून ठेवायचे. बॅटनच्या शर्यतीतल्यासारखं दोघांनीही क्षणभर बॅटन धरलेला असला पाहिजे.

दुसरी मेख पॅडच्या घर्षणाची. एका चाकाचा ब्रेक टॉर्क म्हणजे दोन गुणिले घर्षणांक, गुणिले दाब, गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ, गुणिले पॅडची प्रभावी त्रिज्या. ५४ मिलिमीटरचा पिस्टन, १२ सेंटिमीटर त्रिज्या आणि ०.३८ घर्षणांक धरला तर १० बार दाबाला पुढची दोन चाकं मिळून जवळपास १४०० न्यूटन देतात. गार, ओल्या किंवा गंज धरलेल्या डिस्कवर घर्षणांक ०.३० झाला तर तोच दाब ११०० देतो. हा ३०० न्यूटनचा फरक म्हणजे सुमारे ०.२ चं मंदन, आणि हवाली करताना तो पायाला कळतो. ईव्हीत पॅड क्वचित वापरले जातात, त्यामुळे ते बऱ्याचदा नेमके याच अवस्थेत असतात. उपाय असा: फक्त घर्षणावर ब्रेक लागलेला प्रत्येक प्रसंग नोंदवा, दाब आणि प्रत्यक्ष मंदन यांचं गुणोत्तर काढा आणि दाबाचा तक्ता हळूहळू सुधारत न्या.

पायरी ७: एबीएस आणि बिघाड

चाक घसरायला लागलं की वाद नको. रीजन ताबडतोब उतरवा आणि ताबा एबीएसकडे, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडे, द्या. गाडीला एबीएस आहे पण त्याला मोटरचा पत्ता नाही, अशी स्थिती रूपांतरित गाड्यांत सर्रास दिसते. एबीएस दाब सोडतो आणि मोटर चाक ओढतच राहते. एबीएस चालू झाल्याचा संकेत तुमच्या कंट्रोलरपर्यंत आणता येत नसेल तर रीजनची मर्यादा इतकी कमी ठेवा की ओल्या रस्त्यावरही ते एकट्याने चाक लॉक करू शकणार नाही.

हा क्षण किती नाजूक आहे ते फेब्रुवारी २०१० मध्ये दिसलं. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर क्षणभर ब्रेक सुटल्यासारखा वाटतो, अशा तक्रारींनंतर टोयोटाने प्रियससह चार लाखांहून जास्त हायब्रिड गाड्या परत बोलावल्या आणि एबीएसचं सॉफ्टवेअर बदललं. हवाली करण्यातली फट एवढी छोटीही महाग पडते.

बिघाडाची यादी आधीच लिहून काढा: इन्व्हर्टर ट्रिप झाला, कॅन संदेश थांबले, पेडलचे दोन सेन्सर वेगवेगळं बोलू लागले, चाकाचा वेग कळेनासा झाला. प्रत्येकाचं उत्तर एकच ठेवा: रीजन शून्य, पूर्ण मागणी घर्षणाला, समोर इशारा दिवा.

पायरी ८: तपासणीचा क्रम

आधी चाकं उचलून, मग बंद मैदानावर हळू, मग कोरड्या सरळ पट्ट्यावर. पेडल एका ठरलेल्या जागी धरून मंदनाची नोंद घ्या. अर्धी बॅटरी, पूर्ण भरलेली बॅटरी, गार बॅटरी आणि रीजन बंद अशा चारही स्थितींत ही नोंद जुळली पाहिजे. समांतर पद्धतीत ती पूर्ण जुळणार नाही. तिथे तुम्ही रीजनला दिलेल्या वाट्यापेक्षा फरक जास्त नको. सहकारी पद्धतीत ०.३ पेक्षा जास्त तफावत मी स्वीकारत नाही. त्यानंतर ओला रस्ता, मग एका बाजूला कोरडी आणि दुसऱ्या बाजूला ओली पट्टी. शेवटी ब्रेक लागलेला असताना मुद्दाम कॅनचा कनेक्टर काढून पाहा. गाडी तशीच सरळ थांबली तर पुढे जा.

पायरी ९: रस्त्यावर आल्यानंतर

पॅड जाड दिसतात म्हणून ब्रेक चांगले आहेत असं समजू नका. ईव्हीत पॅड झिजण्याआधी डिस्क गंजते आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम होतात. वर्षातून एकदा पिना काढून साफ करा, योग्य ग्रीस लावा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं, ब्रेक वापरा अथवा नका वापरू. साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलं असेल तेव्हा, ते बदला. फोक्सवॅगनने आयडी.३ ला मागे ड्रम ब्रेक दिले त्यामागेही हेच कारण आहे: बंद ड्रम कमी वापरात डिस्कपेक्षा जास्त स्वच्छ राहतो.

डिस्क साफ ठेवण्यासाठी अधूनमधून, मागे कोणी नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर, ५०-६० च्या वेगावरून चांगला दाबून ब्रेक मारा. नुसती रीजनची पातळी कमी करून भागेलच असं नाही, कारण सहकारी पद्धतीच्या गाडीत पेडल हळू दाबलं तर काम मोटरच करते. पॅड जागे व्हायचे तर दाब जोराचाच हवा. काही गाड्या हे काम स्वतःहून करतात, पुस्तिकेत पाहून घ्या.

आणि रीजनच्या आकड्याच्या मागे लागू नका. चाकापासून बॅटरीत आणि परत चाकापर्यंत येताना साधारण तिसरा हिस्सा वाटेत जातो. पुढचा सिग्नल लाल दिसला तर आधीच पाय सैल सोडून गाडी वाहू द्या. जिथे ब्रेक लागणारच आहे तिथे लवकर आणि हलका दाबा, म्हणजे मागणी १.५ च्या आत राहते आणि आपल्या उदाहरणातल्या गाडीला ताशी ९० किमीवरून वेग ताशी १० किमीवर येईपर्यंत पॅडची गरजच पडत नाही.